हाताचं नको, भीतीचं विचार

आत्या, तुमच्या तेराव्याची पहिली पंगत बसली होती आणि वाढता वाढता माझ्या कानावर आलं की चांगुणाबाय वाघीण होती, पण शेवटी भित्री झाली बिचारी. बोलणारा आपल्याच भावकीतला, तुमच्या हातचं कालवण खाऊन मोठा झालेला. माझ्या हातात वरणाचा टोप होता. तो मी खाली ठेवला आणि त्याला सांगितलं, त्या भित्र्या नव्हत्या, आजारी होत्या, आणि यातला फरक कळत नसेल तर वरण मागू नका. तुमच्या लेकानं डोळे वटारले. मी पुढच्या पानावर गेले आणि त्या माणसाला कोरडा भात खायला लावला.

तुम्ही असतात तर सुनेनं पाहुण्यांसमोर तोंड उघडलं म्हणून मला चार शब्द सुनावले असते. मग चुलीपाशी येऊन पदरात तोंड घालून हसला असतात. तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. घरात माझ्याशी भांडायला कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी उंबरमाळीकडची. लग्नानंतरच्या पहिल्या आवणीत, भाताची रोपं लावायला, तुमच्याबरोबर शेतात उतरले तेव्हा बायकांच्या ओळीत तुम्ही कडेला होतात. तुमचा हात चालला की सगळ्यांचा चालायचा, तुम्ही थांबलात की बाकीच्या कंबर सरळ करायच्या. माझा हात मागे पडायला लागला तसा माझ्या वाटणीचा पट्टा तुम्ही गुपचूप लावत गेलात, आणि दुपारी भाकरी सोडल्यावर सगळ्यांच्या देखत म्हणालात की डोंगरातली आहे, पाण्यात उभं राहायला शिकेल हळूहळू. मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, इतक्या तुम्ही कामात.

भीती म्हणाल तर तुम्हाला ती ठाऊकच नव्हती. कोपऱ्यावरच्या घरातली पोरगी बाळंतपणाला अडली होती आणि मुरबाडची एसटी भरलेली, ड्रायव्हर थांबायला तयार नाही. तुम्ही विळा हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलात. गाडी तुमच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या पोरीचा मुलगा आता आठवीत आहे. तेराव्याला तोही जेवून गेला.

मग तुमचा उजवा अंगठा थरथरायला लागला. पहिल्यांदा ते आवणीतच दिसलं, कारण तुमची ओळ वाकडी जायला लागली आणि ओरडणार कुणावर, तर स्वतःवरच. कल्याणच्या मेंदूच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला, पार्किन्सन असं कागदावर लिहिलं आणि दिवसातून चार गोळ्या दिल्या. मी अंगणवाडीची बाई. औषधाची वेळ कशी पाळायची हे आयांना शिकवणं हेच माझं काम. घरातलं घड्याळ तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण गावात घड्याळ हवं कुणाला? सकाळी साडेसातची गाडी, साडेअकराची शेणव्याहून परत येणारी, दुपारची साडेतीनची आणि संध्याकाळची मुक्कामाची. चार गाड्या, चार गोळ्या. हॉर्न वाजला की गोळी तोंडात टाकायची, असं मी तुम्हाला शिकवलं आणि माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. बैठकीत इतर बायांनाही ती युक्ती सांगितली.

दोन-तीन वर्षं छान गेली. हात आटोक्यात राहिले. तुम्ही पुन्हा कोंबड्यांवर, माझ्यावर आणि ग्रामसेवकावर ओरडायला लागलात.

नंतर ते दुसरंच काहीतरी सुरू झालं. हात फारसे कापत नव्हते, पण साडेदहा-अकराच्या सुमाराला तुम्हाला घाम फुटायचा. थंडीच्या दिवसांत चोळी भिजायची. पोट टम्म फुगायचं, डावी पोटरी आतून कुणी पिळतंय असं दुखायचं. आणि मग भीती. कशाची ते तुम्हालाही सांगता यायचं नाही. ओटीच्या खांबाला टेकून तुम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसायच्या आणि रडायच्या. कुणीतरी मेलंय आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय, असं म्हणायच्या. गाडी यायची, तुम्ही गोळी घ्यायच्या, आणि तासाभरात पदर खोचून उठायच्या.

बघणाऱ्याला काय दिसणार? गाडीसाठी रडणारी म्हातारी. गाडी उशिरा आली तर जास्त रडणारी, गाडी आली की गप्प होणारी. शहापूरला दिलेल्या लेकीची वाट बघते, असं बायका म्हणायच्या. तुमचा लेक, माझा नवरा, सकाळच्या गाडीनं मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जायचा तो मुक्कामाच्या गाडीनं यायचा. तुमचं ते रूप त्याला फारसं दिसायचंच नाही. तो म्हणायचा, आईला सवय लागली आहे. नदीपलीकडच्या भगतानं सांगितलं की फाट्यावरचं काहीतरी गाडीबरोबर येतंय, त्याला नारळ आणि कोंबडी द्या. तो आला तेव्हा तुमच्या पोटात गोळी गेलेली होती, हे त्याचं दुर्दैव.

"माझ्या अंगात शिरायची छाती कुणाची हाय, त्याला समोर आण," तुम्ही त्याला म्हणालात. कोंबडी तुम्ही फाट्यावर जाऊच दिली नाही. घरीच कापलीत, रस्सा केलात आणि भगतालाही वाढलात. तो मुकाट्यानं जेवला.

पण मी? मी काय मोठी शहाणी होते? एका पावसाळ्यात दीड वाजता अंगणवाडीतून भिजून घरी आले. साडेअकराची गाडी त्या दिवशी आलीच नव्हती आणि चूल थंड होती. तुम्ही खांबाला टेकून रडत होतात. सकाळी याच तुम्ही भाकरीत मीठ नाही म्हणून माझ्या माहेरचा उद्धार केला होता. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "सकाळी शिव्या देता नि दुपारी रडता. हे ढोंग नाय तर काय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओठ हलले, शब्द आला नाही. मला वाटलं, बरी सापडली, उत्तर नाही म्हणून गप्प आहे. मी भांडी आपटत स्वयंपाक केला. मधेच साडेतीनची गाडी गेली. साडेचारच्या सुमाराला तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिलात, डोळे कोरडे, पदर खोचलेला.

"मगाशी बोललीस त्याचं उत्तर आता घे," तुम्ही म्हणालात. "तेव्हा डोक्यात चिखल असतो गो. काय बोलायचं ते ठाऊक असतं, पण पाय रुततो तसा शब्द रुततो. तुला भांडायचं तर माझ्या वेळेला भांड."

आणि मग माझ्या तीन पिढ्यांचा हिशोब झाला. तेव्हापासून आपली भांडणं तुमच्या वेळेला व्हायला लागली. मी तीन वाजता काही बोलले की त्याचं उत्तर साडेचारनंतर मिळायचं. कधीकधी मी काय बोलले ते मलाच आठवायचं नाही, पण तुम्ही शब्दन् शब्द राखून ठेवलेला असायचा. गावातल्या कुठल्या सासू-सुनेची अशी सोय होती? मला हसू यायचं, तुम्हालाही यायचं. पण माझं चुकलं असं मी बोलले नाही.

त्याच पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि गाडी फाट्यावरूनच माघारी वळायला लागली. गावात हॉर्न ऐकू येईना. पहिले तीन दिवस तुमच्या गोळ्यांना ना शेंडा ना बुडखा. कुणी आठवण केली तर गोळी, नाहीतर नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझा हात धरून म्हणालात की मला विहिरीकडे जाऊ देऊ नको, माझा माझ्यावर भरवसा नाय. त्या दिवसापासून मी अंगणवाडीला शेजारच्या ताईला पाठवलं आणि घरी बसले.

बसून करणार काय, तर वही घेतली. पोरांची वजनं महिन्याच्या महिन्याला घेऊन मी रेघ काढते. एका दिवसाच्या वजनावरून काही कळत नाही, रेघेवरून कळतं. तशी तुमची रेघ काढली. आडवी वेळ लिहिली आणि खाली भीती, घाम, पोट, पाय, बोलणं. गोळी कधी घेतली ते लाल पेनानं. आठव्या दिवशी वही समोर धरली आणि मला रडू फुटलं. तुमच्या भीतीला ना रस्त्याची ओढ होती ना गाडीची. गोळी पोटात जिरली की पाऊण तासानं ती जायची आणि गोळीचा जोर संपला की परत यायची. फाट्यावर कुणी नव्हतं. गाडी उशिरा येत होती, एवढंच. आणि तुमचा जीव त्या गाडीला बांधून ठेवणारी मी होते.

मुरबाडहून गजराचं घड्याळ आणलं. निम्मा त्रास कमी झाला. पण गोळी वेळेवर घेतली तरी पुढच्या गोळीआधी अर्धा-पाऊण तास तुम्हाला ते गाठायचंच. हे कल्याणच्या डॉक्टरला कळणार कसं? त्याच्याकडे जायच्या दिवशी तुम्ही वाटेत गाडीतच गोळी घ्यायच्या, चारचौघांत नीट दिसावं म्हणून. तो मूठ उघडझाप करायला सांगायचा, दारापर्यंत चालवायचा आणि छान म्हणायचा. एकदा तुम्ही भीतीचं बोललात तर म्हणाला, आजी, वय झालं की असं वाटतं, देवाचं नाव घ्या. तुमच्या लेकाला तेवढंच पुरे झालं. हात चांगले आहेत असं डॉक्टर सांगतोय, तू काय डॉक्टरपेक्षा शहाणी, असं तो मला म्हणाला. वही त्यानं उघडूनही बघितली नाही.

पुढच्या खेपेला आपण दोघीच निघालो. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या गाडीत बसल्यावर तुम्ही मला गोळी काढू दिली नाहीत.

"आज आत गेल्याशिवाय गोळी नाय," तुम्ही म्हणालात. "त्याने आजवर चांगलीच चांगुणा बघितली. आज दुसरी बघू दे."

मी तुमच्या हातापाया पडले. तिथे पडलात तर मी काय करू, तुमच्या लेकाला काय तोंड दाखवू? तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. दवाखान्यात आपला नंबर बारावा होता. सहाव्या नंबराला तुम्हाला घाम फुटला. आठव्याला तुम्ही माझं मनगट धरलंत, त्याचे वळ दोन दिवस राहिले. दहाव्याला तुम्ही लहान पोरीसारख्या हुंदके द्यायला लागलात आणि समोरच्या बाईनं आपल्या मुलाला दुसऱ्या बाकावर नेलं. मी मरतंय गो, मी मरतंय, असं म्हणत होतात. मी गोळी काढून तुमच्या तोंडाशी नेली. तुम्ही दात आवळलेत आणि मान फिरवलीत. आत्या, विळा घेऊन गाडी अडवणारी बाई मी बघितली होती. पण या बाकड्यावरच्या बाईपुढे ती काहीच नव्हती. अंगात त्राण नाही, जीभ हलत नाही, डोक्यात मरण घोंघावतंय, आणि सुटका हातभर अंतरावर असूनही नाही म्हणायचं. हिला भित्री म्हणतात.

आत गेलो. डॉक्टरनं सवयीनं सांगितलं, आजी, मूठ उघडा, मिटा. हात त्या मानानं बरे होते. तो लिहायला लागला. मी वही पुढे सरकवली, तर म्हणाला ठेवा, बघतो. तेवढ्यात तुम्ही त्याच्या टेबलावर हात ठेवलात. एक एक शब्द चिखलातून ओढून काढत बोललात.

"हाताचं नको विचारू. भीतीचं विचार."

त्यानं पेन खाली ठेवलं. तुमच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, असं मला वाटलं. मग वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. बाहेर नंबर खोळंबले. त्यानं तुम्हाला तिथेच गोळी दिली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं. तो बाकीचे पेशंट तपासत होता आणि मधून मधून तुमच्याकडे बघत होता. पाऊण तासानं तुमचा श्वास खाली बसला. तुम्ही तोंड पुसलंत, कुंकू नीट केल्यासारखा कपाळावरून हात फिरवलात आणि उभ्या राहिलात. मग त्या डॉक्टरची जी काय हजेरी घेतलीत! देवाचं नाव मला ठाऊक हाय, तुझं काम काय ते तुला ठाऊक पाहिजे, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

तो रागावला नाही. म्हणाला, आजी, चूक माझी. गोळीचा जोर उतरतो तेव्हा काहींचे हात कापतात, तर काहींचं मन खचतं, पोट फुगतं, घाम फुटतो, आणि ते विचारायला हवं होतं. हे त्यानं तोंडावर कबूल केलं. एवढं मोठं शिकलेल्या माणसानं. मी शेजारी उभी होते आणि माझी मान खाली गेली, ते तुमच्या लक्षात आलं का?

चारच्या जागी सहा वेळा, थोडी थोडी गोळी सुरू झाली. तुम्ही काही बऱ्या झाला नाहीत, आणि तसं मी कुणाला सांगणारही नाही. भीती यायचीच. पण आता ती कोण आहे आणि किती वेळ बसणार आहे हे आपल्याला ठाऊक होतं. त्या वेळेला कुणी भेटायला आलं तर तुम्ही हातानंच थांब म्हणायच्या, आणि मी सांगायचे की पाऊण तास बसा, मग त्या बोलतील. काहीजण बसायचे. जे बसले त्यांना चांगुणाबाय भेटली. जे अर्ध्यातून उठून गेले त्यांनी गावभर सांगितलं की म्हातारी भित्री झाली.

तुमच्या लेकानं नंतर वही वाचली. बोलला काही नाही, पण तुमच्या सकाळच्या गोळीचं पाणी त्यानं शेवटपर्यंत स्वतः दिलं. त्याच्यावर माझा राग राहिलेला नाही.

माझ्यावर आहे. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात एक दिवस आपण दोघी चिंचा फोडत बसलो होतो. तुमचा हात चालत नव्हता, नुसत्या सोबतीला बसला होतात. एकाएकी विचारलंत, "तू तेव्हा ढोंग म्हनलीस, ते खरंच वाटत होतं का गो तुला?"

आणि मी म्हणाले, "कधी?"

मला वार, वेळ, चुलीवर काय होतं ते, सगळं आठवत होतं. तुम्ही पाणी मागितलंत. मी पाणी आणलं. त्यानंतर छातीत कफ झाला आणि आठवड्यात तुम्ही गेलात. दुपारी, शुद्धीवर, माझ्या डाळीला नावं ठेवून. कल्याणच्या डॉक्टरला जे दोन मिनिटांत जमलं ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही. तुम्ही विचारूनसुद्धा जमलं नाही. लाज वाटते. तेराव्याला त्या माणसाला कोरडा भात खायला लावला, पण मला कुणी लावायचा?

काल वाडीवर गेले होते, पोरांची वजनं घ्यायला. सोमा तुम्हाला ठाऊक आहे, वीटभट्टीवर जायचा तो. त्याचा हात दोन वर्षांपासून कापतो. सरकारी दवाखान्यातून त्याला कल्याणला पाठवलं होतं, गोळ्या चालू आहेत. त्याच्या झोपडीसमोर पाच-सहा माणसं जमली होती आणि तो भिंतीशी गुडघ्यात डोकं घालून बसला होता, अंग घामानं निथळत होतं. सकाळी लाकडं फोडत होता, आता बघा, नाटकं करतोय, भट्टीवर जायला नको म्हणून. असं त्याचा भाऊ मला सांगत होता. त्याची बायको, बारकी तिचं नाव, बाजूला उभी होती. तिच्या तोंडावर तोच वैताग होता, जो त्या दिवशी माझ्या तोंडावर असणार. मी तिला विचारलं की यानं शेवटची गोळी कधी घेतली? ती म्हणाली, पहाटे. दुपारची संध्याकाळी भाकरीबरोबर देते, दोन्ही एकदम.

मी वजनकाटा खाली ठेवला. सोमासमोर उकिडवी बसले आणि त्याला विचारलं, भीती वाटते का. त्यानं मान वर केली नाही, पण हलवली. मग मी उठले आणि सगळ्यांकडे तोंड करून बोलले. "नाटक नाय हे. माझ्या सासूला असंच व्हायचं. मी तिला ढोंगी म्हनले होते. ती आजारी होती. माझी चूक झाली, आणि ती जिवंत असताना मी तिला तसं बोलले नाय."

भाऊ बाजूला झाला. बारकी पुढे आली, नवऱ्याच्या शेजारी खाली बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, परत बोला. त्याला नीट ऐकू जाऊ दे."

मी परत बोलले.